पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.: फील्डवर आणि लॅबमध्ये नेमकं काय करतात?

उजनीकाठ | 28 मे, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. मी इंदापूर तालुक्यातला शेतकरी. उजनीच्या फुगवट्याला लागूनच आमचं रान आहे. थोरली मुलगी यंदा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, मार्क चांगले आहेत. तिला एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात करायची आहे. पाहुणे, तिचे मामा, शेजारपाजारचे, सगळे सांगतात की केमिस्ट्रीच पुढे ने, कुरकुंभला नाहीतर चाकणला कंपनीत लागशील. पर्यावरण म्हणजे झाडं लावायची आणि पोस्टर रंगवायची, त्याला दोन वर्षं कशाला घालवायची?

माझी अडचण जरा वेगळी आहे. ती लहान असल्यापासून मला एकच प्रश्न विचारते. उन्हाळ्यात आमच्या काठाचं पाणी पोपटी होतं, वर साय धरते. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात, आणि दुपारी जाऊन पाहावं तर सगळे तळाला. "बाबा, रात्रीत पाण्याला काय होतं?" मला कधीच सांगता आलं नाही. तिला हेच शोधायचं असेल तर आडवं कशाला यावं, असं वाटतं. पण या शिक्षणात हातानं काय करायला लावतात, मुलीला कुठे कुठे फिरावं लागतं, कॉलेज कसं निवडावं, पुढे पोटापाण्याचं काय, यातलं मला काहीच ठाऊक नाही. जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा | 28 मे, रात्री 9:40

वाचतोय. माझ्या भाच्याचंही यंदा हेच चाललंय.

ब्युरेट | 28 मे, रात्री 11:03

काका, मी पुण्यात हाच विषय शिकले आणि आता पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

झाडं-पोस्टरवाला समज कुठून आला ते आधी सांगते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं की पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना मिळालं पाहिजे. 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं. त्यातून पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आला. तो कॉमर्सलाही असतो, फाईल जमा केली की झालं. लोकांनी पाहिलेलं पर्यावरणशास्त्र म्हणजे तेवढंच. एम.एस्सी.ला तुमच्या मुलीची केमिस्ट्री वाया जात नाही, उलट तिथे ती रोज हातात घ्यावी लागते.

आम्हाला पहिल्या सेमिस्टरला एकाच दिवसात पाच ठिकाणी नेलं होतं: खडकवासल्याच्या वर, विठ्ठलवाडी, संगम, बंडगार्डन आणि थेऊर. प्रत्येकाच्या हातात 300 मिलिलिटरची काचेची बाटली. झाकण घासून बसवलेलं, आणि बाटलीवरचाच नंबर झाकणावर, कारण एकाचं झाकण दुसरीला नीट बसत नाही. बाटली पाण्याखाली तिरकी धरून अलगद भरायची. आत बुडबुडा राहिला की त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि रीडिंग बिघडतं. मी पहिल्या ठिकाणी तीनदा भरून तीनदा ओतून दिली. सर काही बोलले नाहीत, काठावर उभे राहिले.

मग काठावरच मँगनीज सल्फेट घालायचं, त्यामागून अल्कली आयोडाइड अझाइड. पिपेटचं टोक पाण्यात बुडवूनच सोडायचं. झाकण लावून बाटली खालीवर करायची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ तयार होतो आणि चहाच्या चोथ्यासारखा हळूहळू खाली बसतो. ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढराच राहतो. खडकवासल्याच्या वर माझ्या बाटलीत दाट तपकिरी गाळ बसला होता. बंडगार्डनला पांढरा. नदी तीच, आणि मधलं अंतर दुपारच्या जेवणाआधी पार करता येईल एवढं. नदी खराब झाली आहे हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण ती बाटली हातात धरून मला रडू आलं. आजही त्याची लाज वाटत नाही.

याला सॅम्पल फिक्स करणं म्हणतात. लॅबमध्ये आल्यावर सल्फ्युरिक ॲसिड घातलं की गाळ विरघळून पिवळं पाणी होतं. त्यातलं 200 मिलिलिटर घ्यायचं आणि ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडायचं. रंग गवताच्या काडीइतका फिका झाला की स्टार्च घालायचा, पाणी एकदम निळंशार होतं. मग थेंब, थेंब, थेंब. खाली पांढरी टाईल ठेवलेली असते, नजर तिच्यावर. एका थेंबाला निळा रंग जातो. थोड्या वेळाने निळा परत येतो, तो धरायचा नसतो. थायोसल्फेट 0.025 नॉर्मल तीव्रतेचं असेल तर जितके मिलिलिटर गेले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे. हिशोबसुद्धा करावा लागत नाही. नदीत आंघोळ करण्याजोग्या पाण्यात तो किमान 5 हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

ही पद्धत लायोस विंकलर या हंगेरियन माणसाने 1888 मध्ये शोधली. अझाइड नंतर आलं, कारण सांडपाण्यातलं नायट्राइट मध्ये लुडबुड करून आकडा फुगवतं. आता प्रोब बुडवला की स्क्रीनवर आकडा येतो. तरी चांगल्या ठिकाणी विंकलर आधी शिकवतात, कारण प्रोब बरोबर सांगतोय की नाही हे शेवटी त्या बाटलीलाच विचारावं लागतं.

बी.ओ.डी. म्हणजे त्याच पाण्यातले जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात ते. आपल्याकडे ती 27 अंशाला 3 दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवतात. गुरुवारी सॅम्पल आणलं की रविवारी लॅबला यायचंच. दोन वर्षांत माझे किती रविवार गेले ते मोजलेले नाहीत, पण आकडे विश्वासाने लिहायची सवय तिथेच लागली.

आणि काका, हीच मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा तुमच्या उजनीत येते. आमच्या पाच ठिकाणांच्या पुढचं सहावं ठिकाण तुमच्या रानाखाली आहे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी इथे लिहू शकते. लिहीत नाही. ते तिला तिच्या बाटलीत दिसू दे.

उजनीकाठ | 29 मे, सकाळी 6:50

ताई, तुमचं लिहिलेलं रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलीनं दोनदा वाचायला लावलं. तिची आई म्हणते, सगळं खरं, पण दिवसदिवस नदीकाठी, रानात, तिथे मुलींची सोय काय? विचारायला संकोच वाटतो, पण विचारतोच.

सडेवाली | 29 मे, दुपारी 1:25

वहिनींनी विचारलं ते बरं केलं. हे कुणी माहितीपुस्तकात छापत नाही, त्यामुळे आधी त्याचंच उत्तर. फील्डवर संडास नसतो. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. आमच्या वर्गात दोघींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तेव्हा आमच्या मॅडमनी नियम केला: फील्ड ठरवताना आधी गावातलं एक घर ठरवायचं, अंगणवाडी सेविकेशी नाहीतर सरपंचांशी बोलून. मॅडम स्वतः फोन करायच्या. प्रवेश घेण्याआधी विभागात सरळ विचारा, फील्डवर मुलींची व्यवस्था कशी करता? ज्यांनी खरोखर फील्ड केलंय ते लगेच सांगतात. जे घुटमळतात त्यांचं फील्ड बहुतेक कागदावर असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, आणि पायाला जखम असेल तर सांडपाण्याच्या नदीत उतरायचं नाही, लेप्टो या तापाची भीती असते. पुराच्या दिवसांत काठावरूनच काम.

आता माझं क्षेत्र. मी रत्नागिरीची, माझं डिझर्टेशन सड्यावर होतं. सडा म्हणजे आमचा जांभ्याचा कातळ. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. उन्हाळ्यात पाहिलंत तर काळाभोर, तापलेला, गवताची काडी नाही. पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि माती बोटभरही नसते तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी रोपं उगवतात. सीतेच्या आसवांना खाली मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून ते रोप पोट भरतं, कारण कातळावर नायट्रोजन मिळत नाही.

काम काय करायचं? पी.व्ही.सी. पाईपचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन बनवायचा. त्याला क्वाड्रॅट म्हणतात. सड्यावर आधीच ठरवलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने तो ठेवायचा, जिथे पडेल तिथे. फुलं छान दिसतात तिकडे सरकवायचा मोह होतो, तो करायचा नाही. मग गुडघ्यांवर बसून आतली प्रत्येक जात लिहायची. गेंदाची रोपं इतकी दाट असतात की एकेक मोजणं अशक्य, म्हणून चौकोनाचा किती भाग कोणत्या जातीने व्यापलाय ते टक्क्यांत अंदाजायचं. दोघींनी वेगवेगळा अंदाज करायचा आणि मग ताडून पाहायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या आणि मैत्रिणीच्या अंदाजात जमीन-अस्मानाचा फरक यायचा. महिन्याभरात तो नगण्य झाला. नजर अशीही घडवता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाऊस असताना वहीत लिहिता येत नाही. पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपरसारखा कागद वापरायचा. शाईने लिहिलेलं पहिल्याच दिवसाचं पान धुऊन गेलं, तो दिवस परत करावा लागला.

मला मनापासून वाटतं, पोटखराबा हा शब्द सड्यावर अन्याय करणारा आहे. एका चौकोनात 20 जाती मोजल्यावर त्या जागेला पडीक म्हणायला जीभ रेटत नाही. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, त्याचा आनंद आहेच. पण आमच्या कोकणातल्या सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी रोज पुढे सरकताहेत, आणि जिथली मोजणी झालेली नाही तिथे काय होतं हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

पंचगंगाकाठ | 29 मे, रात्री 8:15

कोल्हापुरातनं लिहितोय. शिवाजी विद्यापीठात हा विभाग जुना आहे, आणि नदीची जितीजागती प्रयोगशाळा दारात. रसायनांबद्दल ताईंनी लिहिलंच आहे, मी किड्यांबद्दल लिहितो.

पाण्यात पाय रोवून उभं राहायचं, पुढ्यात जाळी धरायची आणि पायानं तळाचे दगड हलवायचे. जे निघेल ते वाहत जाळीत येतं. मग पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि गप्प बसून बघायचं. आधी नुसता गाळ दिसतो. मिनिटभरानं गाळ चालायला लागतो! कासारी, कुंभी, भोगावती यांच्या वरच्या अंगाला ट्रेमध्ये मेफ्लाय या किड्याच्या तीन शेपट्यांच्या पिलावळी मिळतात, चतुर-टाचण्यांची पिल्लं मिळतात. शहराच्या खाली गेलात की लाल अळ्या. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन जवळपास नसलेल्या गाळातही तग धरतात. प्रत्येक कुळाला गुण ठरलेले आहेत. स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्याला 10, लाल अळीला 2. बेरीज केली की नदीची प्रत कळते.

याचा फायदा असा की पाण्याचं सॅम्पल त्या घटकेपुरतं बोलतं. रात्री कुणी टँकर सोडून गेलं आणि तुम्ही सकाळी अकराला गेलात तर बाटलीत काही सापडणार नाही. किड्यांना पळून जाता येत नाही. महिनाभर काय काय वाहून गेलं त्याची साक्ष ते देतात.

वाटसरू | 30 मे, सकाळी 10:02

उलटी बाजूही यायला हवी. मी एका खाजगी कॉलेजातून याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. दोन वर्षांत फील्ड तीन वेळा, त्यातलं एक म्हणजे सहल. बी.ओ.डी. इनक्युबेटर बंद होता, आम्ही आलो तेव्हाही आणि गेलो तेव्हाही. जर्नलमध्ये आधीच्या बॅचचे आकडे उतरवायचे. पूर्ण वर्गाच्या जर्नलात सामू 7.2 होता, पाणी कुठलंही असो. सरांना माहीत होतं, बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही माहीत असावं. पहिल्या इंटरव्ह्यूला मला विचारलं, ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायची चाचणी, कशासाठी घेतात? आलं नाही. चांगले मार्क घेऊन मी तिथे बसलो होतो.

माझी ती दोन वर्षं परत येणार नाहीत. काका, मुलीला विषय बदलायला सांगू नका, पण कॉलेज डोळ्यांनी बघितल्याशिवाय फी भरू नका.

उजनीकाठ | 30 मे, दुपारी 12:30

वाईट वाटलं वाचून. बघायचं म्हणजे काय काय बघायचं? मला लॅबमधलं काय कळणार?

ब्युरेट | 30 मे, रात्री 10:20

काका, तुम्हाला कळेल. बैल बाजारात दात बघता तसंच आहे.

इनक्युबेटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, वजनाचा बारीक काटा यांच्याशेजारी लॉगबुक लटकवलेलं असतं. कुणी, कधी, कशासाठी वापरलं ते त्यात लिहिलेलं. शेवटची नोंद कधीची आहे बघा. रसायनांच्या बाटल्यांवरच्या तारखा बघा. डी.ओ.च्या, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या, बाटल्या कपाटात चकचकीत रांगेत उभ्या आहेत की बेसिनशेजारी पालथ्या वाळत घातल्या आहेत, ते बघा. पालथ्या चांगल्या. सी.ओ.डी. म्हणजे पाण्यातली घाण जिवाणूंऐवजी रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते; त्या चाचणीचं टाकाऊ द्रावण कुठे टाकता विचारा. त्यात पारा आणि क्रोमियम असतं. "बेसिनमध्ये" असं उत्तर आलं तर नदी वाचवायला शिकवणारा विभाग स्वतःच ती बिघडवतोय. नीट विभागात त्याचा वेगळा कॅन असतो, वर चिठ्ठी असते.

आणि एक मागून बघा: तीन वर्षांपूर्वीची फील्डची वही. खऱ्या वहीत चिखलाची बोटं उमटलेली असतात. तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, रंग, वास, कालचा पाऊस, काठावर कोण काय धूत होतं, सगळं. आम्हाला मॅडम सांगायच्या, नंतर आठवून लिहिलेली नोंद फाडून टाका.

तुमच्या ओळखीची एक गोष्टही तिला करायला लागेल. माती परीक्षणाच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो ना? तो वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात, 1934 ची पद्धत. व्ही आकाराचा खड्डा घेऊन वीतभर खोलीपर्यंतची माती, शेतात आठ-दहा जागांहून. एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्ध्या किलोपर्यंत. तिथे तुमचीच मुलगी वर्गाला शिकवेल.

घाटमाथा | 31 मे, सकाळी 9:00

ताई, नोकरीचंही लिहा ना. भाच्याचे वडील तिथेच अडलेत.

ब्युरेट | 31 मे, रात्री 9:48

लपवून काही सांगत नाही. सुरुवातीचा पगार केमिकल कंपनीपेक्षा कमी असू शकतो. कामं मात्र आहेत. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी पावसाळा सोडून एका ऋतूची हवा, पाणी, माती, आवाज, वनस्पती अशी सगळी मोजणी होते. हवेचंच घ्या, 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 24 तास मशीन चालू. गच्चीवर रात्री वीज गेली तर ते सॅम्पल बाद. मान्यताप्राप्त लॅब, सल्लागार कंपन्या, सांडपाणी प्रकल्प, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरत्या, नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी असे मार्ग आहेत.

माझी पहिली नोकरी एका सल्लागार कंपनीत होती. तिथे एक तयार अहवाल माझ्याकडे सही करायला आला. त्यात एका नाल्याची बी.ओ.डी. सी.ओ.डी.पेक्षा जास्त होती. असं होऊच शकत नाही. जिवाणूंना जेवढं खाता येतं ते सगळं सी.ओ.डी.तलं डायक्रोमेट जाळतंच, वर आणखी जाळतं. म्हणजे आकडे बसल्या जागी भरले होते. मी सही केली नाही. तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधावी लागली, आणि ते तीन महिने घरी पैशाची ओढाताण झाली. पण त्या नाल्याच्या खाली एका वस्तीची विहीर होती. ज्याने कधी स्वतः बाटली भरली नाही, त्याला ते दोन आकडे शेजारी बघून काहीच खटकलं नसतं. वाटसरू, तुमची वर्षं कुणी परत देणार नाही, पण हे हातकाम अजूनही शिकता येतं. पुण्याला येणार असाल तर आमच्या लॅबमध्ये एक शनिवार या, विंकलर करून दाखवते.

खाजनकार | 1 जून, संध्याकाळी 7:10

गोव्यातून थोडंसं. आमच्याकडे खाजन शेती आहे: खाडीला मातीचा बांध, त्यात मानस म्हणजे पाण्याचं दार. भरतीला दार आपोआप लागतं, ओहोटीला उघडतं. विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा मानसाच्या आत आणि बाहेर खारटपणा मोजायला लावतो. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, म्हणजे ते थेंब-थेंब सोडायचं, पिवळ्याचा विटकरी रंग झाला की थांबायचं. रंग आला की बांधावरचे म्हातारे शेतकरी विचारतात, किती आलं? आणि बहुतेक वेळा जिभेवर थेंब ठेवून त्यांनी आधीच सांगितलेलं असतं की कोरगुट भात तग धरेल की नाही. त्यांचं म्हणणं आणि आमचा आकडा, दोन्ही एकाच पानावर लिहायला सांगतो. उजनीकाठ, तुमच्या मुलीनं तुमच्या भागातल्या मासेमारांशी बोलावं. त्यांना काय दिसतं ते आधी, मग बाटली.

उजनीकाठ | 9 जुलै, रात्री 9:30

मंडळी, दोन कॉलेजं डोळ्यांनी बघून आलो. एका ठिकाणी वही मागितली तर म्हणाले, ऑफिसात असेल. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी कपाटातून तीन वह्या काढल्या, एकीला खरंच चिखल होता, आणि बाटल्या पालथ्या होत्या. तिथेच प्रवेश घेतला. सगळ्यांचे उपकार आहेत.

पाणबोरी | 18 मार्च, रात्री 8:05

नमस्कार. मी उजनीकाठ यांची मुलगी. बाबांनी हा धागा प्रिंट काढून माझ्या वहीत चिकटवून दिला होता, म्हणून आज इथेच लिहायला आले.

दुसरं सेमिस्टर चालू आहे. होळीच्या सुट्टीत घरी येताना मॅडमनी सही घेऊन डी.ओ.च्या आठ बाटल्या, फिक्स करायची दोन द्रावणं आणि हातमोजे दिले. ॲसिड दिलं नाही, ते बरोबरच होतं. फिक्स केलेल्या बाटल्या तालुक्याच्या माझ्या जुन्या कॉलेजात नेऊन तिथे ॲसिड आणि टायट्रेशन करायचं ठरलं.

दुपारी तीनला पहिल्या दोन बाटल्या भरल्या. पाणी पोपटी, काठावर साय. गाळ इतका गडद तपकिरी बसला की कॉलेजमध्ये नळाच्या पाण्यालाही मी तसा पाहिला नव्हता. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. घाण पाण्यात ऑक्सिजन कमी असतो एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग रात्री दहाला दोन, आणि पहाटे पावणेसहाच्या आत दोन. पहाटेच्या बाटल्यांत गाळ फिकट, जवळजवळ पांढरा. आणि बाटली भरताना माझ्या हातापासून फूटभरावर चिलापी माशांची तोंडं पाण्यावर होती.

सहाही बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या आणि मला कळलं. दिवसा ते हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं, पाण्यात मावेल त्याहून जास्त. सूर्य गेला की तयार करणारं कुणी नाही, आणि श्वास मात्र सगळेच घेतात, शेवाळही, मासेही, तळाच्या गाळातले जिवाणूही. पहाटेपर्यंत साठा संपतो. वरून येणाऱ्या सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि आमच्या उसाला घातलेल्या खताचाही काही वाटा, त्या शेवाळाला पोसतो. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे युरिया मीही घालतोय त्यात.

एकदाच्या सॅम्पलवरून काही ठरत नाही हे मला माहीत आहे. मे अखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी याच जागी, याच तीन वेळांना घ्यायचं ठरवलं आहे, मॅडमनी होकार दिला आहे. मी नसेन तेव्हा नुसती नोंद बाबा करणार आहेत, बाटलीशिवाय. आज पहाटेची त्यांनी लिहिलेली नोंद अशी:

"18 मार्च. पहाटे 5:20. वारा नाही. पाणी पोपटी, सायीचा पट्टा काठापासून आठ-दहा पावलं. वास ओल्या गवताचा. मासे वर. समोर दोन होड्या, भिगवणच्या. चिलापी भरपूर पण मरगळलेली आहे म्हणाले. काल पाऊस नाही."

ब्युरेट ताई, काही सुधारायचं असेल तर सांगा.

ब्युरेट | 18 मार्च, रात्री 8:31

पुढच्या वेळी प्रत्येक वेळेला दोनऐवजी तीन बाटल्या घे, एक फुटली तरी जोडी राहील. दुपारच्या बाटल्या भरल्या की लगेच सावलीत ठेव. उन्हात राहिल्या तर आतलं पाणी तापून झाकण उचललं जातं.

काका, नोंद उत्तम आहे. पाण्याचं तापमान तेवढं लिहायचं राहिलं. थर्मामीटर कुरिअरने पाठवते.